वायर न लावता

त्या घरात सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात ज्याला शिंक येईल त्याने ती न्हाणीघरात नेऊन शिंकावी, असा दंडक होता. दाराच्या घंटीची वायर काढून ठेवलेली होती. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून त्याची बदली स्वयंपाकघरात झाली होती आणि तिथल्या गळक्या नळाला फडकं गुंडाळलं होतं, म्हणजे थेंब पडला तरी मुकाट्याने पडावा. नळ दुरुस्त का करत नाही, असं कुणी विचारू नये. घरधनी पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला होते, आणि अशा माणसाच्या घरचा नळ गळायचाच.

हा सगळा बंदोबस्त सिस्टरांच्या झोपेसाठी होता. सिस्टर म्हणजे घरधनीण. अकरा वर्षं त्या इस्पितळात रात्रपाळी करत होत्या. पहिल्यांदा घेतली ती मुलीच्या शिक्षणासाठी. मुलगी शिकली, नोकरीला लागली, परगावी गेली, त्यालाही तीन वर्षं झाली. पण वॉर्डात नवी माणसं भरत नव्हते आणि सिस्टरांना नाही म्हणता येत नव्हतं, त्यामुळे रात्रपाळी घरजावयासारखी राहूनच गेली. सकाळी साडेआठला त्या घरी येत तेव्हा चपला काढायलाही भिंतीचा आधार घ्यावा लागे. नऊला झोपत. तीनला उठत. मधले सहा तास हीच त्या घरची सगळी मिळकत होती, आणि तिच्यावर सगळं घर चालत होतं.

घरधन्यांना कार्यालयात होसाहेब म्हणत. दुपारी एक ते रात्री आठ ते तक्रारींच्या खिडकीवर बसत. समोर जाड काच, काचेला तळहाताएवढ्या गोलात पाडलेली भोकं, आणि भोकांपलीकडे गाव. कुणाकडे पाणी आलेलं नसे, कुणाकडे नको तिथून आलेलं असे. होसाहेब मान हलवत आणि म्हणत, "हो." थोड्या वेळाने पुन्हा, "हो, हो." भांडायला आलेला माणूस दहा मिनिटं बोलून, सातआठ हो घेऊन, निवून परत जाई. पाणी येत नसे, पण माणूस निवे. इतका सोशिक माणूस खात्यात दुसरा नाही, असं वरिष्ठांचं मत होतं. त्या गुणावर बढतीही मिळाली असती. पण मग खिडकीवर कोण बसणार, म्हणून मिळाली नाही.

नवराबायकोची भेट सकाळी अर्धा तास आणि रात्री सव्वाआठ ते पावणेनऊ. त्यातही एक जण दमून आलेला आणि दुसरा दमायला निघालेला. भांडायला वेळ नव्हता, त्यामुळे संसार सुखाचा चालला होता.

एका दुपारी खिडकीशी एक म्हातारा आला. नळजोडणी बंद करण्याचा अर्ज होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: घर सोडून मुलीकडे राहायला जातो. होसाहेबांनी अर्ज घेताना त्याच्या डाव्या हाताची बोटं पाहिली. चारही टोकांवर घट्टे होते, जुने, पिवळे पडलेले, मधोमध तारेच्या जाडीची रेघ असलेले. होसाहेबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तिथेही एके काळी तसे घट्टे होते. नोकरी लागायच्या आधी दीड वर्ष ते एका हॉटेलातल्या बँडमध्ये गिटार वाजवत. बोटं मऊ झाली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

त्यांनी काचेच्या भोकाशी तोंड नेऊन विचारलं, "कोणती?"

ते अर्जाबद्दल विचारताहेत असं समजून म्हातारा घोटाळला असता, पण घोटाळला नाही. त्याने दोन्ही हातांनी हवेत एक मोठं, फुगीर पोट काढून दाखवलं.

पुढच्या रविवारी होसाहेब त्याच्या घरी गेले. म्हाताऱ्याला गल्लीत मास्तर म्हणत. खोलीत बांधलेली खोकी होती, एक खाट होती आणि खाटेवर पेटी उघडून ठेवलेली गिटार होती. पन्नाससाठ वर्षांची. मधोमध मधाचा रंग, कडेला जाता जाता काळपट झालेला. कडांची पांढरी पट्टी जुन्या दातांसारखी पिवळी पडलेली. पोटावर इंग्रजी एफच्या आकाराच्या दोन फटी, आणि त्यांतून आत पाहिलं तर नुसता अंधार. नाक लावलं तर बंद कपाटाचा वास. विजेवर चालणारी, वायर जोडून भोंग्यातून वाजवायची, पण आतून पोकळ. आवाज लहानमोठा करायचं एक बटण कधीतरी हरवलं असावं. त्याच्या जागी रेडिओचं बसवलेलं होतं आणि ते बाकीच्या तिघांपेक्षा जास्त विश्वासाने फिरत होतं.

मास्तर म्हणाले, वाजवा. होसाहेबांनी ती मांडीवर घेतली. वायर लावली नाही, भोंगा तर खोक्यात गेलेलाच होता. त्यांनी एक सोपी कॉर्ड धरली आणि अंगठ्याने तारांवरून हात फिरवला. तारा चपट्या गुंडाळीच्या होत्या, गुळगुळीत, बोटाखाली खरखर न करणाऱ्या. आवाज असा आला की आला म्हणावा की नाही कळेना. पण छातीला टेकलेलं लाकूड थरथरलं आणि ती थरथर बरगड्यांतून वर खांद्यापर्यंत गेली. होसाहेबांनी पुन्हा एकदा हात फिरवला. मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. गिऱ्हाईक फसलं की त्याच्याकडे पाहू नये, हे त्यांना धंदा न करताही ठाऊक होतं.

होसाहेबांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती त्यांनी दोनदा विचारली. घरात बायको दिवसा झोपते. तिच्या झोपेवर सगळं आहे. वायर न लावता वाजवली तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल का?

मास्तर म्हणाले, "कान असलेल्याला जाईल."

होसाहेब हसले. आपल्या भाषेत कान असणं म्हणजे सुराची जाण असणं, आणि वाजवणारे लोक तर हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरतच नाहीत, असं त्यांना वाटलं. सिस्टरांना या अर्थी कान अजिबात नव्हता. एक गाणं दुसऱ्यापासून त्या शब्दांवरून ओळखत, आणि नुसती चाल वाजली तर सगळी गाणी त्यांना एकच वाटत. होसाहेबांची काळजी मिटली. किमतीवर त्यांनी फार ताणलं नाही. मास्तरांनीही पेटी फुकट दिली, आणि निघताना म्हणाले की तार तुटली तर जाडीच घ्या, बारीक तारांना ही बाई बोलत नाही.

सिस्टरांना त्यांनी सकाळच्या अर्ध्या तासात सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःसाठी काहीतरी घेऊन आले होते, त्यामुळे सांगताना अपराध्यासारखे उभे होते. सिस्टरांनी पेटीत डोकावून पाहिलं, पोटावर टिचकी मारली, आणि एवढं थोरलं धूड आतून रिकामंच का, म्हणाल्या. बडा घर, पोकळ वासा. होसाहेबांनी समजावलं की पोकळ आहे म्हणून तर बिनवायरची वाजते, आणि विजेवरची आहे म्हणून बिनवायरची वाजली तरी जेमतेमच वाजते. साध्या गिटारसारखी ओरडत नाही. "मलाच नीट ऐकू येत नाही," ते म्हणाले, "तर तुला काय येणार?"

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, वाजवा की.

त्यानंतरचे तीन आठवडे होसाहेबांच्या हिशेबात जमेच्या बाजूला गेले. सकाळी दहाला ते बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढत, म्हणजे उचलून ठेवत, आणि बारापर्यंत वाजवत. पहिले चार दिवस बोटं सोलवटली. आठव्या दिवशी जुन्या चाली बोटांना आठवल्या. हॉटेलात जेवणाऱ्या माणसांच्या पाठीला ऐकवलेल्या चाली. त्या वेळीही कुणी ऐकत नव्हतं, आताही नव्हतं, पण आता त्याचं वाईट वाटत नव्हतं. दिवसभर काचेआडून लोकांची पुटपुट ऐकण्याआधी दोन तास आपल्या छातीशी काहीतरी घुमतंय, ज्याची तक्रार नाही, ज्याला आवक क्रमांक नाही, हे त्यांना पुरत होतं. आणखी मोठं सुख म्हणजे गिटार जवळच्या माणसासारखी अंगाशी बसायची. ऐकू कमी येतंय असं वाटलं तर ते हात जरा जोरात टाकत.

दुसऱ्या आठवड्यापासून सिस्टरांना घरी यायला उशीर होऊ लागला. आधी साडेनऊ, मग अकरा. वॉर्डात पाळी सोपवायला माणूस वेळेवर येत नाही, म्हणाल्या. होसाहेबांनी हळहळ व्यक्त केली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटून घेतलं. रिकाम्या घरात पाय आपटून ताल धरता येत होता. सिस्टर आल्या की डोळ्यांखालची काळी वर्तुळं घेऊन सरळ आत जात. एकदा त्यांनी मीठ समजून साखर घातली, एकदा चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधला. वय झालं, म्हणाल्या. होसाहेब म्हणाले, हो.

मग एका बुधवारी होसाहेबांना कार्यालयात सकाळी अकरालाच बोलावलं होतं. नव्या कारकुनांना सौजन्याने ऐकावं कसं, हे शिकवायला. घरातून निघताना त्यांना खुंटीवर सिस्टरांची किल्ली दिसली. बाई आल्या तर दाराबाहेर उभ्या राहतील, म्हणून ते किल्ली घेऊन वाट वाकडी करून इस्पितळात गेले.

वॉर्डाच्या दाराशी कामाच्या मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. होसाहेब म्हणाले, हो. मावशींनी पुन्हा विचारलं. होसाहेब म्हणाले, हो, हो. मावशींनी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "कानाचा विभाग खालच्या मजल्यावर आहे, काका."

होसाहेबांनी सांगितलं की ते सिस्टरांचे यजमान आहेत. मावशी ओशाळल्या, आणि ओशाळलेली माणसं जास्त बोलतात तशा बोलू लागल्या. आता त्यांनी आवाज चढवलाच होता, तो त्यांनी उतरवला नाही, त्यामुळे होसाहेबांना प्रत्येक शब्द कळला. सिस्टर गेल्या नाहीत घरी. चादरींच्या खोलीत झोपल्यात. दोन आठवडे झाले, पाळी संपली की तिथेच दोनअडीच तास पडतात. घरी झोप होत नाही हो त्यांची. शेजारी म्हणे कुणीतरी रोज सकाळी गिटार बडवतं, भिंतीला भिंत लागून. लोकांना दुसऱ्याच्या झोपेची काही पडलेली असते का?

शेजारचं घर वर्षभर कुलूपबंद होतं.

मावशींनी दार किलकिलं केलं. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमधल्या फटीत, बूट न काढता, हाताची उशी करून सिस्टर झोपल्या होत्या. बूट न काढता, म्हणजे कुणी हाक मारली तर उठायचं होतं. होसाहेबांनी किल्ली मावशींकडे दिली आणि आपण आलो होतो हे सांगू नका, म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी हिशेब मांडला, आणि तो मांडायला अवघड नव्हता. जो आवाज आपल्याला जेमतेम ऐकू येतो त्याने भिंतीपलीकडची बाई घर सोडून गेली. म्हणजे आवाज जेमतेम नव्हता. मास्तरांनी कान म्हटलं तेव्हा डोक्याच्या दोन बाजूंना असतात तेच म्हटलं होतं. आणि काचेची जाडी, गावाची पुटपुट, फोनवरच्या लेकीचा अलीकडे खोल गेलेला आवाज, या सगळ्यांचा दोष त्यांच्या नावावरून उतरवून आपल्या कानांच्या नावावर घ्यावा लागला. वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतःच्याच खात्याकडे काच बदलण्याचा अर्ज दिला होता.

त्या दिवशी त्यांनी नव्या कारकुनांना फारसं काही शिकवलं नाही. दुपारी खिडकीवर बसले तेव्हा पहिल्याच बाईला त्यांनी हो म्हटलं नाही; परत सांगा, म्हणाले. तिने परत सांगितलं. त्यांनी आणखी एकदा विचारलं. चौथ्या वेळेला बाई भडकली, मागची रांग भडकली, आणि होसाहेबांच्या खिडकीवर कित्येक वर्षांनी पहिलं भांडण झालं. बाईचं म्हणणं असं होतं की ती याच खिडकीवर सहाव्यांदा आली आहे आणि पाचही वेळा इथे हो म्हटलं गेलं आहे.

रात्री सव्वाआठला ते घरी आले तेव्हा सिस्टर डबा भरत होत्या. होसाहेबांनी बूट काढले, पेटी आतून आणली आणि दाराशी उभी केली.

सिस्टरांनी पेटीकडे पाहिलं. मग त्या होसाहेबांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, आणि होसाहेबांना त्या क्षणी कळलं की गेली दोनतीन वर्षं त्या नेहमी उजव्याच बाजूला येऊन बोलतात.

"मावशींनी सांगितलं वाटतं," सिस्टर म्हणाल्या.

"तू मला सांगायचं होतंस. एका शब्दाचं काम होतं."

"एका शब्दाचं नव्हतं. गिटार मोठ्यानं वाजते म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, नाही वाजत. मग दुसरं सांगावं लागलं असतं."

होसाहेब खुर्चीवर बसले. दुसरं कधीपासून माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, चार वर्षं. आधी वाटलं, ऐकायचं नाही म्हणून ऐकत नाहीत. नवऱ्यांच्या बाबतीत हे ओळखायला वेळ लागतो. मग नक्की कळलं. पण खात्याला कळलं तर खिडकीवरून काढून तळघरात जुन्या फायलींपाशी बसवतील. आणि खिडकी काढून घेतली तर तुमचं काय राहतं? लोक तुम्हाला सोशिक म्हणतात.

"मी सोशिक नव्हतो," होसाहेब म्हणाले. "मला ऐकू येत नव्हतं. आज एक बाई सहाव्यांदा आली होती."

सिस्टरांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, त्यांनी काढून पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "दोन्ही असेल. घरात तर दोन्ही होतं."

होसाहेब म्हणाले, उद्या मास्तरांचा पत्ता काढतो, नाहीतर गिटार कुणालाही देतो. सिस्टर म्हणाल्या, काही नको. तीन आठवड्यांत तुम्ही दोनदा स्वतःहून माझ्याशी बोललात. कानामागून आली आणि तिखट झाली असं तिला माझंही म्हणून झालंय मनात. पण घरात राहू दे. फक्त कानाच्या डॉक्टरांशी मी बोललेय, शुक्रवारी दहाला जायचं. पुढे यंत्र लावायचं तर लावायचं. तळघर तर तळघर, तिथे निदान कुणी सहाव्यांदा येत नाही.

"हो," होसाहेब म्हणाले.

"काय म्हणाले मी?"

"शुक्रवारी. दहाला. कानाच्या डॉक्टरांकडे." ते थांबले. "यंत्र. तळघर."

सिस्टरांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि पावणेनऊच्या गाडीला निघाल्या. पेटी दाराशीच राहिली. जाताना त्यांना तिच्या बाजूने तिरकं होऊन जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या साडेआठला थेट घरी आल्या. येताना इस्पितळातली पट्टीची एक गुंडाळी घेऊन आल्या होत्या, जखमेला बांधतात तसली पातळ. त्यांनी एक टोक होसाहेबांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं, गुंडाळी उलगडत दाराच्या खालून आतल्या खोलीत नेली आणि दुसरं टोक स्वतःच्या बोटाला बांधून पलंगावर आडव्या झाल्या. ठरलं असं, की ऐकू आलं तर त्या ओढणार, ओढली की होसाहेबांनी हळू करायचं. जिथे ओढायचं थांबेल ती जागा बोटांनी लक्षात ठेवायची. हाक मारून उपयोग नव्हता आणि भिंतीवर ठोकून त्याहून नव्हता, म्हणून ही योजना. असल्या बाबतीत सिस्टरांचा हात कुणी धरला नसता.

होसाहेबांनी रोजच्यासारखा हात टाकला. अंगठा असा खेचला गेला की खुर्चीवरून घसरता घसरता वाचले. बाई तीन आठवडे हे ऐकत होती. त्यांनी निम्म्यावर आणलं. पुन्हा ओढ आली. नख न लावता नुसत्या बोटाच्या मांसाने तारा छेडल्या. ओढ आली, जरा कमी जोराची. त्यांनी आणखी कमी केलं. आता त्यांना तारांचा आवाज ऐकू येणं पूर्ण थांबलं होतं. पट्टी अजून हलत होती, पण आळसावल्यासारखी. त्यांनी आणखी कमी केलं.

पट्टी हलली नाही.

त्यांनी तेवढ्याच जोराने एक अख्खी चाल वाजवली. कानात काहीच नव्हतं. छातीवर लाकूड मात्र होतं, आणि लाकडाला सगळं ठाऊक होतं. एक सूर चुकला तो त्यांना बरगडीत कळला. पट्टी फरशीवर सैल पडून राहिली. ऐकू जात नाही म्हणून ओढत नाहीये, की झोपली म्हणून ओढत नाहीये? पहिलं असेल तर जागा सापडली. दुसरं असेल तर जागा सापडली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायला जावं तर झोपलेल्या माणसाला जागं करून तू झोपलीस का विचारण्यासारखं होतं. शिवाय उठलं की अंगठ्याबरोबर तिचं बोट ओढलं जाणार.

म्हणून ते उठले नाहीत. दुसरी चाल घेतली, तेवढ्याच हाताने, मग तिसरी. बाराला वाकून त्यांनी अंगठ्याची गाठ सोडवली, टोक हळूच खुर्चीच्या पायाला बांधलं, जेवण थंडच जेवले, आणि बूट हातात घेऊन जिना उतरले.